चावडीवरचा फळा

गावच्या पोलिसपाटलाला खरे काम पडते ते पावसाळ्यात; पूर, दरडी, वाहून गेलेले साकव आणि अपरात्री येणारे तहसिलीचे निरोप यांतच त्याचा जीव अडकलेला असतो, असा शहरवासीयांचा एक समज असतो, आणि सह्याद्रीच्या पाणलोटात, कोयनेच्या खोऱ्याच्या कडेला, पाटण तालुक्यात वसलेल्या आमच्या गावाकडे पाहिले तर तो अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. परंतु पावसाळ्यात माणूस मुळातच धास्तावलेला असतो. नदीने पात्र सोडले की दवंडीवाचूनही तो गुरे वर हाकतो, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप ज्यांच्या घरांवरून गेला त्यांच्या नातवंडांनादेखील जमीन हलली की बाहेर पळावे हे कोणी शिकवावे लागत नाही. याच्या उलट, ज्या ऋतूत पळस-पांगारा फुलतो, खळी उरकल्यामुळे हातांना उसंत मिळते, शिमग्यापासून चैत्रातल्या यात्रेपर्यंत गावाला आनंदाची एकामागून एक निमित्ते सापडत जातात आणि मुंबईच्या बाजारांतून माथाडीचे काम करणारी घरोघरची कर्ती माणसे बायकामुलांसह गावी उतरतात, त्या वसंत ऋतूतच माझ्या नोंदवहीची पाने सर्वांत झपाट्याने भरत. भय नसलेल्या ऋतूत माणूस बेसावध असतो, आणि आग, विंचू, विहीर व अफवा या चौघांना बेसावध माणूस फार आवडतो.

या पदाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आजच्या तरुणांना पाटील म्हटले की आडनाव आठवते किंवा चित्रपटातला फेट्याचा इसम. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने रद्द झाली. त्यानंतर 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमान्वये जो उरला तो प्रांताच्या हुकमाने नेमलेला, तुटपुंज्या मानधनावर काम करणारा, ना वतन ना गणवेश असा पोलिसपाटील. त्या अधिनियमातली कर्तव्ये कोणी सावकाश वाचून पाहिली तर त्यांतली बहुतेक या ना त्या रीतीने खबर देण्यापाशीच येऊन थांबतात असे आढळेल: गुन्ह्याची खबर, अकस्मात मृत्यूची खबर, संशयित इसमाची खबर, शांतताभंगाच्या भीतीची खबर. कायद्याचा सारा भर ही खबर गावाकडून ठाण्याकडे, म्हणजे खालून वर, कशी जाईल यावर आहे. ती वरून खाली, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात, वेळेवर कशी पोचावी याची तजवीज पाटलाने आपल्या अकलेने करायची असते. आणि माझ्या मते गावाची सुरक्षितता ठाण्याकडे जाणाऱ्या खबरीपेक्षा या दुसऱ्या खबरीवर अधिक अवलंबून असते.

माझी तजवीज म्हणजे चावडीच्या भिंतीवरचा काळा फळा. जि. प. शाळेने टाकून दिलेला हा फळा सुताराकडून चौकट बसवून मी तेथे ठोकला आणि आरंभी मोठ्या उमेदीने त्यावर सरकारी परिपत्रकांतले उतारे सुवाच्य अक्षरांत उतरवू लागलो. ते कोणी वाचीत नसे. लोक फळ्यापाशी थांबत ते दुसऱ्याच कारणांसाठी: नळाला पाणी केव्हा सुटणार, वीज कोणत्या वारी बंद राहणार, लसीकरण कधी, आणि यात्रेची वर्गणी कोणी किती दिली. यांतला शेवटचा मजकूर तर लोक दोनदोनदा वाचीत. एकदा स्वतःचे नाव पाहण्यासाठी आणि दुसऱ्यांदा भावकीचा आकडा पाहण्यासाठी. तेव्हा मी वर्गणीची यादी सलग न लिहिता मध्येच तोडू लागलो. पाच-सहा नावे झाली की एक ओळ विंचवाची, पुन्हा काही नावे आणि मग एक ओळ वणव्याची. आकड्याच्या शोधात निघालेली नजर त्या ओळींवरून गेल्याशिवाय खाली उतरूच शकत नसे. ही युक्ती काही कोणत्या शासननिर्णयात सापडणार नाही, पण तिने जेवढे काम केले तेवढे गुळगुळीत कागदावरच्या रंगीत भित्तिपत्रकांनी केले नाही. व्यत्यय आणीत ती फक्त पोरे. ‘गवत पेटवू नये’ अशी ओळ लिहून मी घरी जाऊन चहा घेऊन येईपर्यंत शेवटचा शब्द कोणीतरी बाहीने पुसलेला असे, आणि गावच्या पोलिसपाटलाच्या हस्ताक्षरात ‘गवत पेटवू’ एवढाच मनसुबा फळ्यावर शिल्लक राही.

वणव्याचे प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नसे. वनखात्याच्या हिशेबी वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत; त्याआधीच खात्याची माणसे हद्दीवरचे गवत कापून-जाळून जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे पुढे आग लागलीच तर तिला ओलांडायला काही मिळू नये. 1927 च्या वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे हे सर्वांना ठाऊक असते. असे असूनही दर फाल्गुनात डोंगर पेटतो, आणि तो पेटवणारा इसम बहुधा दुष्ट नसतो, ही या प्रकरणातली खरी अडचण. कोणी बिडीचे थोटूक टाकतो, कोणी मध काढताना धूर करून चूड तशीच सोडतो, कोणाची अशी दृढ श्रद्धा असते की जुने गवत जाळले म्हणजे पुढल्या साली नवे जोमाने फुटते. या श्रद्धेवर मी पुष्कळ वाद घातला. राखेमुळे पहिल्या पावसात हिरवे लवकर दिसते एवढे तिच्यात तथ्य आहे. पण उघडा पडलेला उतार आषाढाच्या धारांत मातीसकट ओढ्याला लागतो, आणि मागे उरते ती गुरे तोंड न लावतील अशी रखरखीत कुसळ, ही पुढची गोष्ट जुन्याजाणत्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असूनही ते तोंडाने कबूल करीत नसत.

याहून नाजूक प्रश्न तरव्याचा. आमच्याकडे भाताची रोपे ज्या तुकड्यात तयार करायची तेथे पालापाचोळा, शेण आणि कवळ पसरून माती भाजावी लागते. त्याने तणाचे बी जळते आणि रोप तरारून येते, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. हेच दिवस तरवा भाजण्याचे आणि हेच दिवस वाऱ्याचे. जाळण्यावर सरसकट बंदीचा हुकूम काढणारा अधिकारी भाताच्या मुलखातला नव्हे असे खुशाल समजावे, कारण असा हुकूम निघाला की तरवा भाजायचा थांबत नाही. तो फक्त चोरून, दुपारी माणसे झोपलेली असताना, एकट्याने भाजला जातो, आणि एकट्या माणसाच्या हातून सुटलेली ठिणगी डोंगर घेते. मी तेव्हा मनाई सोडून दिली आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखला. ज्याला तरवा भाजायचा असेल त्याने आदल्या संध्याकाळी त्यात नाव आणि शेताचे नाव लिहावे, भाजणी पहाटे वारा पडलेला असताना करावी, भोवतीचा पाचोळा हातभर रुंदीने झाडून घ्यावा, आणि शेजारच्या बांधवाल्याने कळशीभर पाणी व ओल्या डहाळ्या घेऊन हजर राहावे, एवढाच करार. पहिल्या वर्षी त्या चौकोनात थोडीच नावे पडली. पुढे पुढे मात्र नाव न लिहिता धूर काढणाऱ्याला शेजारीच हटकू लागले, आणि शेजाऱ्याने हटकणे हे पाटलाने हटकण्यापेक्षा गावात केव्हाही भारी.

तरीही आग सुटायची ती सुटेच. तेव्हा तरुण मंडळी जोशात सरळ आगीच्या वरच्या अंगाला धावत, कारण वाट तिकडून सोपी. त्यांना खाली ओढून आणणे हे माझे पहिले काम असे. आग चढणीला माणसापेक्षा वेगाने पळते. तिच्या माथ्यावर उभे राहणाऱ्याला धुरात दिशा कळत नाही. तिला बाजूंनी कापीत आणावे, जळून गेलेल्या काळ्या भागाकडे पाठ ठेवावी म्हणजे मागे हटायला जागा उरते, आणि शक्य तर ऊन उतरून गवताला थोडा ओलावा धरू द्यावा. जांभळीची ओली डहाळी जमिनीवर आपटायची नसते. आपटली की ठिणग्या उडतात. ती आगीवर दाबून ओढायची असते. हे सारे आम्हांला एका वनरक्षकाने शिकवले, तेही परिपत्रकाने नव्हे, तर भर वणव्यात, शिव्या देत.

आता या कामी मदतीला पुष्कळ क्रमांक झाले आहेत. पोलीस, अग्निशमन वगैरे संकटांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 2014 पासून सुरू झालेला 108, वनखात्याचा 1926 आणि जनावरांच्या दवाखान्याचा 1962. फळ्याच्या माथ्यावर हे चार आकडे मी तेलरंगाने कायमचे लिहवून घेतले, तेव्हा आमचे एक वयोवृद्ध तात्या चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पाटील, खालची दोन सालं कशाची? कोन वारलं व्हतं काय?" मी त्यांना खुलासा केला खरा, पण ज्या सालच्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली तेच साल आज आजारी म्हशीसाठी फिरवावे लागते, या योगायोगाची मला स्वतःलाही गंमत वाटल्यावाचून राहिली नाही.

क्रमांक लिहिल्याने काम भागत नाही, हे मात्र मला फार लवकर कळले. आमच्या गावात फोनला रेंज मिळते ती देवळापुढच्या पारावर, आणि तीही पाराच्या पूर्वेच्या टोकाला. घरात बसून 108 लावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय फोन लागला तरी पलीकडचा माणूस दूर शहरात बसलेला. त्याने कोठून बोलता असे विचारताच आमचा माणूस ‘गावातनं’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून माघ संपता संपता मी शाळेत जाऊन सातवीच्या मुलांकडून एक गोष्ट घोकून घेत असे: जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या फाट्याने आत वळायचे, आणि गाडीला माणूस कोठे भेटेल. गुरुजींनी ती परीक्षेच्या तोंडी प्रश्नांतच घातली, हा त्यांचा मोठेपणा.

त्याचा उपयोग झाला तो एका चैत्रातल्या तिन्हीसांजेला. वरच्या आळीतली एक बाई शेणींच्या हुडव्यातून शेणी काढीत असताना तिच्या बोटाला विंचू चावला. विंचू लहानसा आणि तांबूस होता, म्हणून घरच्यांनी प्रथम ते मनावर घेतले नाही. मोठा काळा विंचू असता तर सारी आळी धावली असती. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. काळ्याने ठणका फार लागतो, पण जीव घेण्याची ताकद त्या लहान लाल विंचवात. त्याचे विष हृदयावर जाते, अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि मग फुप्फुसांत पाणी साचून माणूस गुदमरतो. घाटाखाली महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशाचा अभ्यास केला, 1982 साली त्यावरचा त्यांचा निबंध ‘द लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि रक्तदाबावर देतात ती प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी या रुग्णांना वेळेवर दिल्यास ते वाचतात हे त्यांनी दाखवून दिले. एके काळी अशा गंभीर रुग्णांत शेकडा चाळीसांच्या घरात असलेले मृत्यू त्यामुळे शेकडा एकावर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढे मोठे संशोधन डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होऊन गेलेले, आणि अलीकडच्या उतारावर आम्ही विंचू उतरवणाऱ्याची वाट पाहत बसलेलो.

मी पोचलो तेव्हा बाईचे कपाळ घामाने निथळत होते आणि पाण्यात बुडवून काढावीत तशी बोटे थंड पडली होती. उंबऱ्यात तिचे चुलतसासरे हटून बसले होते. "पाटील, मांत्रिकाला सांगावा धाडलाय. दोन मंतर पडलं की उतरतंय." वाद घालण्याची ती वेळ नव्हती. मी म्हटले, "आबा, मांत्रिकालाबी गाडीत बसवू. मंतर गाडीत म्हणू द्या, पण गाडी थांबवायची न्हाई." हा तोडगा त्यांना मानवला. तोवर त्या बाईची सातवीतली पुतणी पारावर पोचली होती, आणि तिचा स्वच्छ आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होता: "सर, जिल्हा सातारा, तालुका पाटण. ह्याच नावाचं दुसरं गाव खाली नदीकडं हाय, ते नव्हं. घाट चढून आल्यावरचं. आम्ही मारुतीच्या देवळापाशी बॅटरी घेऊन उभं राहतो." गाडी घाट चढून थेट देवळापाशी आली. बाईला डॉक्टरांच्या हाती वेळेवर दिले गेले आणि ती चार दिवसांनी चालत घरी आली. मांत्रिक मात्र गाडी लागल्यामुळे दोन दिवस अंथरुणाला खिळला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षीपासून फळ्यावर मी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांच्या बरोबरीने लाल विंचवाचेही नाव लिहू लागलो, आणि त्याखाली एवढेच: चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, वेळ घालवू नये, चाललात तरी चालेल असे वाटले तरी चालू नये, उचलून न्यावे.

खबर जशी वाचवते तशी मारतेही. गावोगाव ग्रामसुरक्षा यंत्रणा आली, तिची मला अपूर्वाई वाटली. एका निःशुल्क क्रमांकावर कोणीही आपल्या आवाजात निरोप सांगावा आणि गावातल्या नोंदलेल्या सर्व फोनांची घंटा एकदम वाजावी, हे हलगीवाल्या कोतवालाच्या स्वप्नातही आले नसते. परंतु त्याच फोनांवर, कोणाच्याच सहीशिक्क्यावाचून, मुले पळवणाऱ्या टोळीची बातमी फिरते तेव्हा काय होते हे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. भिक्षेसाठी हिंडणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच निरपराध माणसे जमावाने ठेचून मारली. खळी झाली की आमच्याकडेही अशी भटकी मंडळी येत. बहुरूपी येई, डवरी येई, नंदीबैलवाला येई. राईनपाड्याच्या बातमीनंतर पुढच्या फाल्गुनात गावात पाल पडली की मी स्वतः तेथे जाऊन कुटुंबप्रमुखांची नावे आणि मूळ गाव वहीत घेऊ लागलो आणि त्याच संध्याकाळी यंत्रणेवर माझ्या आवाजात निरोप सांगू लागलो की, अमुक गावची मंडळी ओढ्याकाठी उतरली आहेत, त्यांची नोंद झाली आहे, ती आपली पाहुणी आहेत. पूर्वी मुसाफिरांची नोंद गावाच्या रक्षणासाठी होत असे. आता ती मुसाफिराच्या रक्षणासाठी करावी लागते.

यात्रेच्या दिवसांविषयी फार लिहीत नाही; पालखी, कुस्त्या, तमाशा आणि जत्रेतली भांडणे यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, आणि भांडणे मिटवण्यात पाटलाचे कसब कमी व थोरल्या आयाबायांचे अधिक असते. सतावते ते पाणी. मुंबईहून आलेली मुले उन्हाच्या तडाख्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या फुगवट्यावर नाहीतर विहिरीवर जातात, आणि समुद्रकाठी वाढलेल्या पोराला विहिरीचे गार पाणी छातीत कसे भरते याची कल्पना नसते. गाळ काढण्यासाठी विहिरीत उतरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्यात बंद पडलेल्या खोल विहिरीत तळाशी कुंद वायू साचतो. आमचे जुने लोक आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडीत आणि तो विझला तर माणूस उतरू देत नसत. आता कंदील गेले, आणि त्यांबरोबर ती परीक्षाही गेली. गुदमरलेल्या गड्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा, आणि एकाच घरातले तिघे जातात, अशा हकीकती ठाण्यावरच्या मासिक बैठकीत आम्ही पाटलांनी ऐकलेल्या आहेत. त्याच बैठकीत तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका पाटलाने शेततळ्याची हकीकत सांगितली. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ मिळू लागले, हे कोरडवाहू मुलखाचे भाग्यच. परंतु तळ्याला पाणी जिरू नये म्हणून जो काळा कागद अंथरतात तो ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो, आणि पोहता येणारा माणूसदेखील कडेला येऊन वर चढू शकत नाही. काठावर बोटांचे ओरखडे होते, एवढेच बोलून तो पाटील थांबला. पंचनाम्यात ते ओरखडे त्याने लिहिले होते.

यावर उपाय असा की तळ्याच्या चारही बाजूंना खुंट्यांना बांधलेला जाड गाठींचा दोर पाण्यात सोडून ठेवावा, एक-दोन फुगवलेल्या ट्यूबा काठाला असाव्यात आणि भोवती कुंपण घालावे. खर्च यात्रेच्या एका वेळच्या फटाक्यांहून कमी. अशीच आगाऊ तयारी वळवाच्या विजेसाठीही हवी; पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे ॲप आता बहुतेकांच्या फोनमध्ये बसू शकते, ते आधीच बसवून ठेवावे. आभाळ गडगडू लागल्यावर आंब्याखाली उभे राहून ते शोधू नये.

मी आता या कामातून निवृत्त झालो आहे. कित्येक गावांत पोलिसपाटलाची जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते, आणि एकाच पाटलाकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार देऊन सरकारी दप्तर समाधान मानते. दोन गावच्या पारांवर एक माणूस एकाच वेळी उभा राहू शकत नाही, ही साधी गोष्ट त्या दप्तरात कोठे नोंदलेली दिसत नाही. ती नोंदली जाईल तेव्हा जाईल. तोवर हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे गाव डोंगरात आहे आणि जे या चैत्रात यात्रेला जाणार आहेत, त्यांना माझी विनंती एवढीच आहे की वर्गणी देऊन झाल्यावर घटकाभर वेळ काढून आपल्या भावकीच्या शेततळ्याकडे एक फेरी मारावी, दोर आहे का ते पाहावे, आणि नसेल तर मुंबईला परतण्यापूर्वी तो बांधून यावा.